वाटीतले पाणी आणि आगरातले मीठ

पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, हे घरोघरी ठाऊक आहे. पण आगरातले जाडे मीठ पाऊस नसतानाही कधी कधी ओलसर राहते. याला मुख्यतः कारण असते ते मिठाला चिकटून आलेले मॅग्नेशियम क्लोराइड.

हवा आणि द्रावण यांच्यातली पाण्याची देवघेव एका आकड्यात मांडता येते. द्रावणावरील बाष्पदाबाला त्याच तापमानाच्या शुद्ध पाण्याच्या बाष्पदाबाने भागले की मिळते ती पाण्याची क्रियाशीलता. शुद्ध पाण्यासाठी ती १, समुद्राच्या पाण्यासाठी सुमारे ०.९८. पंचवीस अंश सेल्सिअसला मिठाच्या संपृक्त द्रावणात ती ०.७५, तर मॅग्नेशियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणात केवळ ०.३३ असते. म्हणजे शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावरच पाणी ओढू लागते. मॅग्नेशियम क्लोराइडला ३३ टक्के पुरतात.

मग दोन्ही क्षार एकत्र विरघळले तर? निव्वळ बेरीज-सरासरीने उत्तर चुकते. मॅग्नेशियमचे आयन पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवतात, तर वाढलेले क्लोराइड आयन मिठाला द्रावणाबाहेर ढकलतात. म्हणून मिश्रण मोजावेच लागते.

त्यासाठीची समदाब पद्धत दिसायला अगदी साधी आहे. हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यात, तांब्याच्या जाड ठोकळ्यावर धातूच्या लहान वाट्या ठेवतात. एकीत क्रियाशीलता आधीच माहीत असलेले मिठाचे द्रावण, दुसरीत तपासायचे मिश्रण. क्षार जागेवरच राहतात. पाणी मात्र वाफ होऊन जास्त बाष्पदाबाच्या वाटीतून कमी बाष्पदाबाच्या वाटीत जाते. दाब सारखे झाले की ही ये-जा समतोल होते. मग वाट्यांचे वजन करायचे. क्षार किती घातला हे माहीत असल्याने पाणी किती उरले ते कळते, आणि मिश्रणाची क्रियाशीलताही. यात लागतो तो धीर : कधी काही दिवस, कधी आठवडे. वाट्यांच्या तापमानात किंचित फरक पडला तरी निष्कर्ष बिघडतो. तांब्याचा ठोकळा त्यासाठीच.

पण समुद्राच्या पाण्यात सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, क्लोराइड, सल्फेट असे अनेक आयन असतात. प्रत्येक प्रमाणातले मिश्रण मोजायला जन्म पुरणार नाही. १९७३ मध्ये केनेथ पिट्झर यांनी यातून वाट काढली. त्यांच्या समीकरणांत आयनांच्या जोड्या आणि त्रिकुटे यांचे परस्परपरिणाम पुरेसे ठरतात. म्हणजे एक-दोन क्षारांची साधी द्रावणे नीट मोजली की गुंतागुंतीच्या मिश्रणाचे गणित मांडता येते. याच आधारावर हार्वी आणि वेअर यांनी १९८० मध्ये या सहा आयनांच्या पाण्यातून कोणता क्षार केव्हा खाली बसेल याचे गणित मांडले.

आगरात हाच प्रश्न रोजचा आहे. घनता मोजणारी काचेची नळी सुमारे २५ अंश बोमे दाखवते तेव्हा मीठ पडू लागते. तिशीच्या आसपास उरलेले कडू पाणी काढून टाकावे लागते. उशीर झाला तर मॅग्नेशियम मिठासोबत राहते. शिवाय पाणी दाट होईल तसे बाष्पीभवनही मंदावते, कारण क्रियाशीलता हवेच्या आर्द्रतेजवळ येते. नळी फक्त घनता सांगते. ती आत काय घडल्यामुळे वाढली, हे त्या वाट्यांनी सांगितले.