गोळ्यांचा ताळेबंद

साठी उलटलेल्या पुरुषांच्या गप्पांत रक्तदाब येतो, साखर येते, गुडघेही येतात. रात्री चारदा उठावे लागते, ही गोष्ट मात्र बायकोखेरीज कुणाला ठाऊक नसते. या लाजेवरच 'प्रोस्टेटसाठी' म्हणून विकली जाणारी झिंक-सेलेनियमची बाटली खपते. परदेशातून येणारा मुलगाही कौतुकाने तीच घेऊन येतो.

माझा जन्म बँकेत हिशेब तपासण्यात गेला. त्यामुळे जाहिरात वाचली की मला आधी ताळेबंद पाहावासा वाटतो. सेलेनियमचा ताळेबंद उपलब्ध आहे. अमेरिकेत त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगात सेलेनियम घेणाऱ्यांना प्रोस्टेटचा कर्करोग बराच कमी झालेला आढळला. हे १९९६ साली प्रसिद्ध झाले. पण तो प्रयोग मुळात प्रोस्टेटसाठी नव्हता. म्हणून २००१ मध्ये 'सिलेक्ट' ही चाचणी सुरू झाली. पस्तीस हजारांहून अधिक पुरुष तिच्यात होते. कुणाला रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम, कुणाला ई जीवनसत्त्व, कुणाला दोन्ही, तर कुणाला औषध नसलेली गोळी. फायदा दिसेना, म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या गेल्या. २०११ मध्ये कळले, की नुसते ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक निघाला. २०१४ मध्ये आणखी एक नोंद झाली. ज्यांच्या शरीरात सेलेनियम आधीच भरपूर होते, त्यांनी वरून गोळी घेतल्यावर आक्रमक कर्करोगाचा धोका वाढला. भरलेल्या खात्यात आणखी भरणा केला, तर व्याज मिळतेच असे नाही. कधी दंडही बसतो.

जस्ताचेही तसेच. निरोगी प्रोस्टेटमध्ये ते मुळातच भरपूर असते. म्हणून बाहेरून आणखी घातले की प्रोस्टेट सुधारेल, हे गणित विक्रेत्याचे, शरीराचे नव्हे.

वयानुसार प्रोस्टेट वाढते, ती वाढ बहुधा कर्करोगाची नसते आणि तिच्यावर चांगली औषधे आहेत. पण साधी वाढ कोणती आणि घातक कोणती, हे बाटलीला कळत नाही. त्यासाठी डॉक्टरांचा हात, लघवीची व रक्ताची तपासणी आणि गरज पडल्यास सोनोग्राफी लागते. बाटलीचे पैसे गेले तर फारसे बिघडत नाही. तिच्या भरवशावर गेलेले महिने मात्र परत मिळत नाहीत.

तेव्हा मुलांनो, बाबांसाठी बाटली आणू नका. त्यांच्याबरोबर एकदा दवाखान्यात जाऊन बसा.