हद्द आधी, भिंत नंतर

नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटसारख्या गावात घरामागच्या परसाला मोठे मोल असते. गोठा, सरपणाची पडवी, शौचालयाचे खड्डे, चारा, एखादे आंब्याचे झाड, सगळे तिथेच सामावते. भाऊबंदांत नि शेजाऱ्यांत वाद पेटतो तोही याच हातभर जागेवरून, आणि बहुतेक वेळा भिंत उभी राहिल्यावर. ऐकीव नियमांवर भरवसा ठेवून बांधकाम काढले की हे घडते.

सगळ्यात पक्का गैरसमज म्हणजे ‘अंतराचे नियम शहरातले, गावठाणात कोण विचारतो?’ महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 52 नुसार ग्रामपंचायतीच्या परवानगीशिवाय गावाच्या हद्दीत इमारत उभारता येत नाही आणि जुनी पाडून पुन्हा बांधताही येत नाही. डिसेंबर 2020 मध्ये राज्याच्या बहुतांश भागासाठी एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आली. पुढे, मागे, बाजूला किती जागा मोकळी सोडायची ते तिच्यात ठरते. सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा तिच्यात नाही. भूखंडाचे क्षेत्र, समोरच्या रस्त्याची रुंदी आणि इमारतीची उंची यांवर तो बदलतो. म्हणून ‘अमक्याने तीन फूट सोडले, मीही तीन फूट सोडतो’ हा हिशेब चुकीचा आहे.

2021 साली ग्रामविकास विभागाने ग्रामीण भागातल्या 1600 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरील घराला परवानगीची गरज नाही, असे जाहीर केले. लोकांनी त्याचा अर्थ ‘आता नियमच नाहीत’ असा लावला. प्रत्यक्षात मालकीचे कागद, जागेचा नकाशा, घराचा नकाशा आणि तो नियमावलीप्रमाणे असल्याचे परवानाधारक अभियंत्याचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत द्यावेच लागते. सवलत हेलपाट्यांतून आहे, मोकळ्या जागेतून नाही.

पण अंतर मोजायचे कुठून? खरी मेख इथे आहे. ‘घरपट्टी माझ्या नावावर आहे, नमुना 8 ला नाव आहे, म्हणजे कुंपणापर्यंतची जागा माझी’ असे मानणारे घरोघरी भेटतील. नमुना 8 ही करआकारणीची नोंदवही आहे. तिच्यावर नाव असणे हा मालकीचा पुरावा होत नाही आणि हद्द कुठून जाते तेही त्यावरून ठरत नाही. हद्द ठरते ती मोजणीवरून. एप्रिल 2020 मध्ये केंद्राने स्वामित्व योजना सुरू केली ती याच कारणाने, कारण देशभरातल्या असंख्य गावठाणांची कधी मोजणीच झाली नव्हती. या योजनेत ड्रोन उडवण्याआधी प्रत्येक मिळकतीची हद्द चुन्याने आखतात, वरून छायाचित्रे घेतात आणि चौकशीनंतर मिळकत पत्रिका तयार होते. चुन्याची ती रेघ आखताना मालकाने स्वतः हजर असायला हवे. त्या दिवशी गप्प राहून वर्षभराने भांडणे फार महागात पडते. मिळकत पत्रिका असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करता येतो.

रेघ कळली तरी गवंडी एक चूक हमखास करतो. भिंतीचा दर्शनी भाग तो हद्दीला लावतो, पण खालचा पाया भिंतीपेक्षा रुंद असतो. वर भिंत आपल्या जागेत दिसते, खाली पायाचे दगड वीतभर शेजाऱ्याच्या जागेत असतात. भिंत आत घ्यायची ती पायाच्या रुंदीने. फाटकही आतल्या बाजूला उघडले पाहिजे, गल्लीत नव्हे. कुंपणभिंतीची उंची राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे 1.5 मीटर, आणि वरचा 0.9 मीटर भाग जाळीचा ठेवला तर 2.4 मीटरपर्यंत.

मोकळी जागा म्हणजे ओसाड जागा, असेही नाही. विहीर, उघडी टाकी, झाडाभोवतीचा पार, रोपवाटिका, बाक, कुंपणभिंत हे तिथे चालते. छप्पर टाकून चारी बाजूंनी बंदिस्त केलेली खोली किंवा गोठा चालत नाही. पत्र्याचा उतार शेजाऱ्याकडे काढून ‘पावसाचे पाणी आहे, जाईल कुठेही’ म्हणणेही चुकीचे आहे. छपराचे पाणी दुसऱ्याच्या जागेत सोडण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. पन्हाळ लावा आणि पाणी आपल्याच अंगणात जिरवा.

सेप्टिक टँकच्या शोषखड्ड्याबाबत तर जिवाचा प्रश्न आहे. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून तो किमान 18 मीटर लांब हवा, मग विहीर आपली असो की शेजाऱ्याची. परसात बोअर घ्यायची असेल आणि सार्वजनिक पाणीपुरवठ्याची विहीर 500 मीटरच्या आत असेल, तर परवानगी लागते.

झाडांविषयी दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. शेजाऱ्याच्या फांद्या आपल्या अंगणात आल्या, तर त्याच्या जागेत पाय न ठेवता हद्दीपर्यंत त्या छाटता येतात. फांदी पसरून ठेवण्याचा हक्क वर्षानुवर्षांच्या वहिवाटीनेही मिळत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच सांगितले आहे. फळे मात्र झाडाच्या मालकाचीच. आणि झाड तुमचे असले तरी आंबा, चिंच, मोह, साग, जांभूळ यांसारखी झाडे 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली येतात. ती पाडायला परवानगी लागते. झाड लावताना आणि बांधकाम काढतानाही वर पाहा : 11 केव्हीची तार जात असेल, तर बांधकामाला तिच्यापासून आडवे 1.2 मीटर आणि उभे 3.7 मीटर अंतर ठेवावे लागते. तारेखाली उंच वाढणारे झाड लावूच नये.

राहिला ‘बारा वर्षे वापरली की जागा आपली’ हा समज. खासगी जमिनीवर 12 वर्षांची मुदत आहे खरी, पण ताबा उघड, सलग आणि मालकाच्या हक्काला नाकारणारा होता हे कोर्टात सिद्ध करावे लागते. मालकाच्या संमतीने वापरलेली जागा त्यात बसत नाही. सरकारी जागेला हीच मुदत 30 वर्षे आहे. गावाच्या रस्त्यावर पुढे आलेला ओटा ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 खाली ग्रामपंचायत काढू शकते. सरकारी जागेवर अतिक्रमण करणाऱ्या ग्रामपंचायत सदस्याचे पद जाते, आणि कुटुंबाचे अतिक्रमण वापरत राहणाऱ्यालाही हे लागू होते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिला.

पाया खोदण्याआधी मोजणी करून घ्या. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यालाही बोलवा आणि दोघांच्या डोळ्यांदेखत खुणेचे दगड रोवून घ्या.