‘मला उमजलेले’ : रसिकाच्या अभिप्रायाचे व्याकरण

संगीतविषयक लेखनात समीक्षकाच्या मताला जे स्थान मिळते ते साध्या रसिकाच्या अभिप्रायाला सहसा मिळत नाही. ‘आज पद काय रंगले!’ हा उद्गार म्हणजे भावनेचा उमाळा; त्यात ज्ञानाचा अंश तो कितीसा असणार, अशी विद्वानांची समजूत असते. परंतु अभिप्राय हा भाषेतून व्यक्त होतो, आणि क्रियापद कोणते योजावे, विभक्ती कोणती लावावी, हे रसिक स्वतःच्या लहरीने ठरवीत नाही. त्या योजनेत एका भाषिक समाजाने पिढ्यान्‌पिढ्या गाणे कसे ऐकले याची नोंद राहिलेली असते. ती नोंद वाचण्याचा हा एक प्रयत्न आहे.

सातारा जिल्ह्यात पुणे-मिरज लोहमार्गावर रहिमतपूर हे गाव आहे. नाटककार वसंत कानेटकर यांचे हे जन्मस्थान. अशा गावच्या जुन्या श्रोत्याला नाट्यसंगीत दोन वाटांनी भेटत असे. जवळच्या शहरी नाटक मंडळीचा मुक्काम पडला म्हणजे प्रत्यक्ष रंगभूमीवर, आणि एरवी ग्रामोफोनच्या तबकडीवरून. या भागातील बोलीत बोलणारा श्रोता ‘लई ग्वाड आवाज हाय’ असे म्हणेल, पुण्याचा श्रोता ‘आवाजात विलक्षण माधुर्य आहे’ असे म्हणेल. दोन्ही वाक्यांत गायक मात्र कोठेच नाही. गोडवा आहे तो आवाजाचा.

हा योगायोग नव्हे. मराठी रसिकाच्या नित्याच्या वाक्यांची पाहणी केली तर त्यांतील क्रियापदे बहुतांशी अकर्मक आहेत, असे दिसून येते : सूर लागला, आवाज लागला, पद रंगले, तान पडली, चीज बसली, मैफल जमली. ‘गायकाने सूर लावला’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे, पण ते घडलेल्या क्रियेचे वर्णन आहे, प्रशंसा नव्हे. ‘सूर लागला’ ही प्रशंसा होय. पहिल्या वाक्यात गायक कर्ता आहे; दुसऱ्यात सूरच कर्ता झाला आहे, आणि गायकाचा उल्लेख करावयाचाच झाला तर तो षष्ठीने होतो : ‘त्यांचा सूर लागला’. जे उत्तम ते केले जात नाही, घडून येते, अशी श्रद्धा या रचनेत आहे. प्रयोजक रूप वापरून ‘त्यांनी पद रंगविले’ असे म्हणता येते, आणि म्हटलेही जाते. पण त्यात बहुधा अशी सूचना असते की पद मूळचे सामान्य होते, किंवा प्रसंग अवघड होता, आणि गायकाने कौशल्याने वेळ निभावून नेली.

आता या वाक्यांत ‘आज’ हा शब्द घालून पाहावा. ‘आज सूर काय लागला होता!’ हे प्रत्यक्ष गाण्याविषयी सहज बोलले जाते. कारण काल तो लागला नसेल, उद्या लागेलच असे नाही. तबकडीविषयी हेच वाक्य बोलले तर ऐकणारा हसेल. मुद्रित झालेला सूर रोज तितकाच आणि तसाच लागतो. सुमारे तीन मिनिटांच्या त्या बाजूत ‘वन्समोअर’ला उत्तर देण्याची सोय नाही. तबकडी पुन्हा लावता येते, पण पद पुन्हा नव्याने म्हटले जात नाही. मग तबकडी ऐकणारा काय म्हणतो? तो म्हणतो, ‘आज हे पद निराळेच वाटले.’ क्रियापद बदलले, आणि त्याबरोबर चतुर्थी आली : मला वाटले. प्रत्यक्ष गायनात जी अनिश्चितता गायकाच्या गळ्यात होती ती ध्वनिमुद्रणाने ऐकणाऱ्याच्या मनात नेऊन ठेवली. मुद्रिका तीच असते. बदललेला असतो तो श्रोता.

या चतुर्थीचे सर्वांत विचारप्रवर्तक उदाहरण एका गायकानेच दिले आहे. कुमार गंधर्वांनी १९६५ साली बालगंधर्वांच्या पदांचा एक कार्यक्रम सादर केला आणि त्याला ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असे नाव दिले. पुढे याच नावाची ध्वनिमुद्रिकाही निघाली. बालगंधर्व त्या वेळी हयात होते; त्यांचे निधन १९६७ साली झाले. एका नामांकित कलावंताने, दुसऱ्या वयोवृद्ध कलावंताचा चाहता या नात्याने, त्याच्या पदांविषयी आपला अभिप्राय द्यावा, आणि तो लिहून नव्हे तर गाऊन द्यावा, असा हा प्रसंग होता.

हे नाव किती नेमके आहे हे त्याच्या जवळच्या पर्यायांशी ताडून पाहिले म्हणजे कळते. ‘मला कळलेले’ असे म्हटले असते तर ते वार्तेसारखे झाले असते. बातमी कळते, ती उमजत नाही. ‘मला समजलेले’ हे शिक्षणाच्या अंगाने गेले असते. धडा समजतो, कोणी समजावून देतो. उमजणे या क्रियेला काळ लागतो. तिच्या आधी काही दिवस, कदाचित काही वर्षे, न उमजण्याचीही असावी लागतात. म्हणूनच ‘उशिरा उमजले’ हा प्रयोग इतका स्वाभाविक वाटतो. शिवाय मराठीत ‘तो उमजला’ अशी कर्तरी रचनाही आहे. ती उपलब्ध असताना चतुर्थीची निवड झाली, याचा अर्थ उमजणाराने स्वतःला कर्तेपण घेतलेले नाही. ‘-लेले’ हे धातुसाधित विशेषण तर मर्यादाही घालते : जेवढे उमजले तेवढे, बाकीचे शिल्लक आहे.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळील सुळेभावी येथे झाला आणि त्यांची मातृभाषा कन्नड होती. कन्नडात ‘मला समजले’ हे ‘ननगे तिळियितु’ असे म्हणतात. ‘ननगे’ ही चतुर्थीच होय. अनुभव घेणाऱ्याला चतुर्थीत ठेवण्याची ही रीत भारतात भाषाकुलांच्या सीमा ओलांडून पसरली आहे. एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे ही कल्पना मांडली, आणि कॉलिन मॅसिका यांच्या १९७६ च्या ग्रंथात या क्षेत्राच्या लक्षणांमध्ये चतुर्थीच्या रचनेचा विचार आहे. सीमाभागातील एका कन्नड मुलाने मराठी रंगभूमीच्या गायकाविषयी मराठीत जे म्हटले ते त्याला आपल्या घरच्या व्याकरणातही तसेच म्हणता आले असते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हाच मुलगा लहानपणी नामवंत गायकांच्या तबकड्या ऐकून त्यांचे गाणे जसेच्या तसे म्हणून दाखवी, आणि त्यासाठीच त्याचे कौतुक होत असे. ‘हुबेहूब’ हा तबकडीच्या युगातला श्रेष्ठ अभिप्राय होय. गावोगावच्या गणेशोत्सवांत अमुक पद ‘अगदी रेकॉर्डप्रमाणे’ म्हटले, याहून मोठी पावती नसे. या अभिप्रायाला मूळ प्रत लागते आणि नकल तिच्याशी ताडून पाहावी लागते. त्यात काही उमजण्याची गरज नाही, चांगला कान पुरतो. पुढे क्षयाने कुमार गंधर्वांना कित्येक वर्षे गाण्यापासून दूर ठेवले. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत आले तेव्हा श्वास तोकडा झाला होता आणि गाण्याची घडण बदलली होती. बालगंधर्वांची लयीतून वळत जाणारी लांब, सलग फिरत हुबेहूब काढणे त्यांना अभिप्रेतही नव्हते. त्यांनी आपल्या गळ्याने, आपल्या तुकड्यातुकड्यांच्या गतीने, त्या पदांतील स्वरांच्या जागा दाखविल्या. हे सर्वांनाच रुचले असे नाही. ‘हे बालगंधर्व नव्हेत’ असे ज्यांनी म्हटले त्यांचे म्हणणे हुबेहूबपणाच्या कसोटीवर खरेच होते. परंतु नावाने तसे वचन दिलेलेच नव्हते. आक्षेपकांनी विशेष्य ऐकले, विशेषण ऐकले नाही.

नावात आणखी एक गोष्ट आहे. ते ‘बालगंधर्वांची पदे’ असे नाही. वस्तुतः ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकातील शब्द खाडिलकरांचे आणि चाली मुख्यतः भास्करबुवा बखले यांच्या. पण रसिक षष्ठी लावतो ती बालगंधर्वांना. ही षष्ठी कोणाला मिळते यावरून त्या त्या काळातील ऐकण्याचा केंद्रबिंदू ओळखता येतो. कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ १९६४ साली, म्हणजे कुमार गंधर्वांच्या या कार्यक्रमाच्या आदल्याच वर्षी, रंगभूमीवर आले. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे; गाणारे रामदास कामत आणि आशालता वाबगावकर. त्या पदांविषयी बोलताना श्रोता ‘चाल’ हा शब्द आधी काढतो, आणि ‘अभिषेकींची गाणी’ असे म्हणतो. गायकाकडून संगीतकाराकडे षष्ठी सरकली ती अशी. पदांचे शब्द मात्र खुद्द नाटककाराचे आहेत. त्याला ती षष्ठी क्वचितच मिळते, मग ऐकणारा रहिमतपूरचा का असेना.