मांजराला कमोडवर बसवावं का?

सातव्या मजल्यावरच्या मांजराला परसदार नसतं. जुन्या पनवेलमधल्या वाड्यांत मांजर कुठे जाऊन येतं, याची चौकशी कुणी करत नसे. मागच्या दारी माती असायची, राख टाकायचा कोपरा असायचा. मांजर तिथे उकरायचं, काम उरकायचं, वर माती ओढायचं आणि परत स्वयंपाकघरात येऊन बसायचं. पुढे सिडकोने नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर वसवलं, ऑक्टोबर २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली, इमारती उंच होत गेल्या आणि माणसांबरोबर मांजरंही वन-बीएचकेत राहायला आली. बाल्कनीला जाळी लागली, दार कायम बंद राहू लागलं. मांजराची माती मात्र खालीच राहिली.

ती माती आता पिशवीतून विकत आणावी लागते. ‘लिटर’ नावाने मिळणारी ती जड पिशवी वर आणायची, ट्रे भरायचा, लोकल पकडायच्या घाईत रोज सकाळी त्यातले ओले गोळे काढायचे, आणि त्यांची पुडी कोणत्या डब्यात टाकायची यावर सफाईवाल्या मावशींशी बोलायचं. वासाची तक्रार वेगळीच. अशात मोबाइलवर एखादं मांजर कमोडच्या कडेवर चारही पाय जुळवून शांतपणे बसलेलं दिसतं आणि वाटतं, आपल्या मनीला हे शिकवता आलं तर?

शिकवता येतं, हे आधीच सांगायला हवं. या बाबतीतला सर्वात प्रसिद्ध शिक्षक एक संगीतकार होता. चार्ल्स मिंगस (१९२२–१९७९) हा अमेरिकेतला थोर जॅझ बासवादक आणि रचनाकार. त्याने आपल्या ‘नाइटलाइफ’ नावाच्या मांजराला कमोड वापरायला शिकवलं आणि ती रीत इतरांना कळावी म्हणून एक छोटी पुस्तिकाच काढली. त्याची पद्धत साधी होती. पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्तमानपत्राचे कपटे टाकायचे, मांजराला त्याची सवय झाली की खोकं रोज थोडं थोडं बाथरूमच्या दिशेने सरकवायचं. मग ते कमोडवर ठेवायचं आणि घट्ट बांधायचं. त्यानंतर तळाला छोटं भोक पाडायचं, ते हळूहळू मोठं करत न्यायचं, खोक्याच्या भिंती कापत आणायच्या आणि शेवटी खोकं काढूनच टाकायचं. नाइटलाइफला यासाठी तीन-चार आठवडे लागले. घाई केलीत तर मांजर गोंधळेल, असं मिंगसने त्यात बजावलं आहे. पुस्तिकेतला सर्वात मोलाचा सल्ला बहुधा हाच.

बाजारात मिळणारे संच याच कल्पनेवर बेतलेले असतात. ऑस्ट्रेलियात निघालेल्या ‘लिटर क्विटर’ या संचात सिग्नलच्या क्रमाने तीन चकत्या असतात. लाल चकती बंद ट्रेसारखी, पिवळीला मध्ये लहान भोक, हिरवीला मोठं. एकेक चकती पार करत मांजर उघड्या कमोडपर्यंत पोचतं. हे सारे संच बसायच्या कमोडसाठी बनवलेले. आपल्याकडच्या भारतीय पद्धतीच्या संडासात ते बसत नाहीत, पण तिथे एक वेगळीच गोष्ट आपसूक घडते. बरीच मांजरं कुणी न शिकवता मोरीच्या जाळीवर जायला लागतात. जागा खोलगट असते, ओल झिरपून जाते, शिवाय सांडपाण्याचा वास तिथे आधीच असतो. मांजराला तेवढी खूण पुरते.

तरीही कमोडचं शिक्षण मांजराच्या स्वभावाविरुद्ध जातं. का, ते समजून घ्यायचं तर फार मागे जावं लागेल. घरातलं मांजर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून आलं, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने स्पष्ट केलं. सायप्रसमध्ये तर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला आहे. हे रानमांजर कोरड्या मुलखातलं. पाणी कमी पिऊन जगणारं, म्हणून लघवी अतिशय घट्ट. आणि पायाखाली सगळीकडे भुसभुशीत जमीन. जन्मल्यानंतर पहिले सुमारे तीन आठवडे पिल्लाला आई चाटून शी-सू करवते. चौथ्या आठवड्याच्या आसपास पिल्लू स्वतःच मऊ, मोकळ्या जागी पंजाने उकरू लागतं. त्याला ट्रेमध्ये बसायला ‘शिकवावं’ लागत नाही. ट्रे कुठे आहे एवढं दाखवलं की पुरतं. उकरणं, वास घेणं, बसणं, पुन्हा वास घेणं, झाकणं हा सगळा क्रम त्याच्या अंगातच असतो. कमोडवर यातलं बसणं तेवढं शिल्लक राहतं, तेही गुळगुळीत प्लास्टिकच्या अरुंद कडेवर तोल सांभाळत.

मांजरांच्या या गरजेवर एक अख्खा उद्योग उभा राहिला, आणि तोही योगायोगाने. जानेवारी १९४७. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात एडवर्ड लो नावाचा तरुण कारखान्यांत सांडलेलं तेल शोषून घेणारे पदार्थ विकायचा. शेजारच्या बाई वाळू मागायला आल्या. त्या मांजरासाठी राख वापरत आणि राखेच्या पावलांनी घर काळं व्हायचं. लोने वाळूऐवजी मुलतानी मातीचे दाणे दिले, म्हणजे आपल्याकडे चेहऱ्याला लावतात त्याच जातीची माती. बाईंना ती इतकी पसंत पडली की त्या पुन्हा पुन्हा मागायला आल्या. लोने मग पिशव्या भरून त्यावर ‘किटी लिटर’ लिहिलं. दुकानदार म्हणाला, वाळू जवळपास फुकट मिळते, याला पैसे कोण देईल? लोने त्या पिशव्या आधी फुकट वाटायला सांगितल्या. लोक परत आले आणि पैसे द्यायला तयार झाले. मांजर कायमचं घरात राहू शकलं, त्यामागे या मातीचा वाटा फार मोठा आहे. १९८० च्या दशकात बेंटोनाइट या मातीचा वापर सुरू झाला. ओल लागली की ती फुगते आणि घट्ट गोळा होते. भारतात हे बेंटोनाइट गुजरातेत, विशेषतः कच्छमध्ये सापडतं, आणि तिथून मांजरांचं लिटर परदेशीही जातं. हा गोळा चुकूनही संडासात टाकू नये. पाइपात जाऊन तो आणखी फुगतो आणि बसतो.

हाच गोळा मांजराच्या तब्येतीचा रोजचा अहवाल असतो, आणि कमोडच्या कल्पनेला खरा विरोध इथून सुरू होतो. नेहमीपेक्षा गोळे मोठे आणि जास्त दिसू लागले तर मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह सुरू झालेला असू शकतो. लहान लहान ठिपक्यांएवढे गोळे म्हणजे मूत्राशयाला त्रास. आणि गोळाच नसेल तर ती धावपळीची वेळ. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो. त्यात खडे किंवा घट्ट स्राव अडकला की लघवी तुंबते, रक्तातलं पोटॅशियम चढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि दोन-तीन दिवसांत बोका दगावू शकतो. ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन कुंथणारा, ओरडणारा, मागचा भाग सतत चाटणारा बोका बद्धकोष्ठाचा समजून घरगुती उपाय करत बसू नये. त्याच दिवशी, रात्र असली तर रात्रीच, पशुवैद्याकडे न्यावं. कमोडच्या पाण्यात हे सगळे संकेत विरघळून जातात. मांजर आपलं दुखणं लपवण्यात पटाईत असतं. जिथे ते लपवता येत नाही, अशी घरातली एकमेव जागा म्हणजे ट्रे.

म्हातारपणाचंही बघायला हवं. बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांची क्ष-किरण चित्रं तपासणारा एक अमेरिकी अभ्यास २००२ मध्ये आला. त्यातल्या नव्वद मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली. अशा मांजराने दिवसातून तीन-चार वेळा उडी मारून कमोडच्या कडेवर उभं राहावं, ही अपेक्षा फार जास्त आहे. एकदा पाय घसरून पाण्यात पडलं की ते त्या खोलीचीच धास्ती घेतं, आणि मग पलंगावरची गादी किंवा सोफ्याचा कोपरा निवडतं.

आपल्या घरांपुरता एक धोका परदेशी पुस्तकांत क्वचितच येतो, तो फिनाईलचा. महाराष्ट्रात संडास-बाथरूम धुणं म्हणजे फिनाईल किंवा अ‍ॅसिड, हे ठरलेलं. मांजराच्या यकृतात फिनॉल जातीची रसायनं निकामी करणारी यंत्रणा जवळजवळ नसते. याच कमतरतेमुळे माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. ज्या कडेवर मांजर उभं राहतं तिथे फिनाईल पुसलेलं असेल, तर ते पंजाला लागतं आणि पंजा चाटल्यावर पोटात जातं. मांजर मोरीत जात असेल तरी हाच धोका. अशा घरात साधा साबण आणि भरपूर पाणी वापरावं, आणि फरशी वाळेपर्यंत दार लावून ठेवावं.

फ्लशनंतर काय होतं, हा पुढचा प्रश्न. टोक्सोप्लाझ्मा गोंडी नावाचा एक परजीवी आपलं जीवनचक्र फक्त मांजर कुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात पूर्ण करतो, हे १९७० च्या सुमारास सिद्ध झालं. त्या संशोधनात मूळचे भारतीय असलेले पशुवैद्यक शास्त्रज्ञ जितेंदर पी. दुबे यांचा महत्त्वाचा भाग होता. पहिल्यांदा लागण झाल्यावर मांजराच्या विष्ठेतून साधारण एक ते तीन आठवडे याची सूक्ष्म अंडी बाहेर पडतात. त्यांचं कवच इतकं चिवट असतं की क्लोरीनलाही ती दाद देत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची समुद्री पाणमांजरं या परजीवीने मरत असल्याचं लक्षात आलं, तेव्हा तिथल्या संशोधकांनी तपास केला. जमिनीवरचं गोडं पाणी जिथे जास्त प्रमाणात समुद्राला मिळतं, तिथल्या पाणमांजरांत लागणीची शक्यता सुमारे तिप्पट निघाली. २००६ मध्ये त्या राज्याने कायदा करून लिटरच्या पाकिटावर सूचना छापायला लावली की मांजराचं लिटर संडासात टाकू नका.

पनवेलला हा मुद्दा परका नाही. गाढी, काळुंद्री, कासाडी या नद्यांचं पाणी शेवटी पनवेलच्या खाडीत, खारफुटीत जातं. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळ्या रंगाचे कुत्रे फिरताना दिसले, तेव्हा पाण्यात सोडलेली गोष्ट कुठे आणि कुणाच्या अंगावर उमटते हे साऱ्या देशाने पाहिलं. शिवाय उन्हाळ्यात देहरंग धरण आटत आलं की पनवेलमध्ये पाणी दिवसाआड होतं. मांजर फ्लश करत नाही. ते काम माणसाचंच, आणि तेवढी बादली त्या दिवसांत जड जाते.

टोक्सोप्लाझ्माची भीती घालून गरोदर सुनेच्या घरातून मांजर बाहेर काढण्याचा सल्ला मात्र सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. विष्ठेतली अंडी ताबडतोब संसर्गजन्य नसतात, त्यांना एक ते पाच दिवस लागतात. ट्रे रोज साफ केला, ते काम गरोदर बाईऐवजी घरातल्या दुसऱ्या कुणी केलं, मांजराला कच्चं मांस दिलं नाही आणि बाहेर उंदीर मारायला सोडलं नाही, तर धोका अगदी थोडा उरतो. न धुतलेली भाजी आणि अर्धकच्चं मटण यांकडे त्याहून जास्त लक्ष द्यावं.

तर मग ट्रेच चांगला ठेवू या. मांजरांच्या डॉक्टरांच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०१४ मध्ये मिळून काढलेल्या मार्गदर्शिकेत ट्रेची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट हवी, असं म्हटलं आहे, आणि मांजरं जितकी त्याहून एक ट्रे जास्त. दुकानातले बहुतेक ट्रे यापेक्षा लहान असतात. भांड्यांच्या दुकानात मिळणारं मोठं, उथळ प्लास्टिकचं घमेलं किंवा कपडे ठेवायचा पसरट डबा अधिक बरा. लिटर दोन-तीन इंच जाडीचं टाकावं, सुगंधी नको. माणसाला आवडणारा लॅव्हेंडरचा वास मांजराला नकोसा असतो. जागा शांत असावी, वॉशिंग मशिनजवळ आणि जेवणाच्या वाटीशेजारी नसावी. कोकणातल्या पावसात बाल्कनीतला ट्रे ओला होतो आणि बेंटोनाइटचा चिखल होतो, म्हणून जून ते सप्टेंबर तो घरातच आणावा. रोज दोनदा गोळे काढले की दुर्गंधी बऱ्यापैकी थांबते. वास येतो तो बहुतेक वेळा न काढलेल्या गोळ्यांचा. पैसे वाचवायचे असतील तर लाकडाच्या वखारीतला खरखरीत भुसा किंवा चाळलेली रेती चालते, फक्त ती वारंवार बदलावी लागते.

आणि ज्यांचं मांजर आधीच कमोड वापरायला शिकलं आहे, त्यांनी त्याला ओरडून थांबवायचं कारण नाही. कमोडच्या शेजारी लिटर भरलेला एक मोकळा ट्रे ठेवून द्यावा. बहुतेक मांजरं वास घेतील, पंजाने दोन-चारदा उकरून बघतील आणि आपापला निर्णय घेतील. काही दिवस दोन्हीचा वापर होईल. बाथरूमचं दार पाहुणे असतानाही किलकिलं राहील याची काळजी घ्यावी, आणि मांजर दिवसातून किती वेळा आत जातं याकडे घरातल्या कुणा एकाने लक्ष ठेवावं. बोका असेल तर रोज.