कुत्र्याच्या मूत्राशयाच्या जागी आतडे

राखणीस कुत्रा नाही अशी वस्ती सोलापूर जिल्ह्यात विरळाच. असा कुत्रा रक्तमिश्रित लघवी करू लागला, वारंवार पाय उचलूनही थेंबथेंबच होऊ लागली, तर खडा अथवा दुष्ट गाठ यांचा संशय घ्यावा. खडा काढता येतो. गाठ मात्र बहुधा मूत्रपिंडांकडून येणाऱ्या नळ्या जेथे उघडतात तेथेच वाढते. ती समूळ काढावयाची तर पुष्कळदा सगळे मूत्राशयच काढावे लागते. मग मूत्र साठवावे कोठे?

इटलीतील बोलोन्या येथील टिझ्झोनी व फोज्जी यांनी १८८८ साली कुत्र्याच्या लहान आतड्याचा तुकडा, त्याच्या रक्तवाहिन्या शाबूत ठेवून, मूत्राशयाच्या जागी बसविल्याचे प्रसिद्ध केले. शिवण जमली, पण आतड्याचा स्वभाव पालटत नाही, ही खरी अडचण होय.

मूत्राशयाचे अस्तर चुन्याने गिलावा केलेल्या हौदासारखे असते. आतले पाणी बाहेर झिरपत नाही. आतडे म्हणजे कच्चा पाट. शोषून घेणे हेच त्याचे काम. मूत्रातील अमोनियम व क्लोराइड ते पुन्हा रक्तात ओढते, आणि रक्ताची आम्लता वाढते. मूत्रपिंडे धडधाकट असली तर हा भार काही काळ पेलतात. ती थकलेली असल्यास जनावर खात नाही, खंगते, धापा टाकते. आम्लता दीर्घकाळ राहिली तर ती शमविण्यासाठी हाडांतील चुना खर्ची पडतो व हाडे ठिसूळ होतात. लहान आतड्याचा शेवटचा भाग पुष्कळ कापला गेल्यास ब-१२ जीवनसत्त्वाचीही तूट येते.

माणसांतही हेच दिसून आले. मूत्रनलिका मोठ्या आतड्यास जोडलेल्या रुग्णांची रक्ते अमेरिकेतील फेरिस व ओडेल यांनी तपासली, तेव्हा शंभरांत सुमारे ऐंशींच्या रक्तात ही आम्लता आढळल्याचे त्यांनी १९५० साली नमूद केले.

उपाय म्हणजे खाण्याचा सोडा, तोही रक्त तपासून वैद्याने ठरविलेल्या मात्रेतच. अंदाजाने चमचा घालणे घातक. पाणी सदैव पुढे असावे, नवे मूत्राशय तुंबू देऊ नये. आतड्याचा चिकट स्रावही मूत्रात येत राहतो. एवढी शुश्रूषा जन्मभर करण्याची तयारी वस्तीवर कितीशी असते, हे ज्याचे त्याने पाहावे. म्हणूनच अशा गाठीवर पशुवैद्य बहुधा ही शस्त्रक्रिया न सुचविता पायरॉक्सिकॅमसारखे औषध देतात. त्याने गाठ नाहीशी होत नाही. परंतु कित्येक कुत्र्यांत तिची वाढ मंदावते आणि काही महिने बरे जातात.