बिनतारी दुवा

आदिलाबाद जिल्ह्यातील बाजारहत्नूरसारख्या गावी मराठी पुस्तके सहजी हाती लागत नाहीत. मात्र मराठी विश्वकोश आणि मोल्सवर्थचा १८५७ च्या आवृत्तीचा कोश आज इंटरनेटवर विनामूल्य वाचावयास मिळतात. घरी जुना संगणक असतो, राउटरही असतो; अडते ते दोहोंमधील दुव्यापाशी. हा दुवा म्हणजे वायफाय अडॅप्टर. तो घेताना वेष्टनावरील मोठ्या आकड्यांना भुलू नये.

पहिला विचार लहरींचा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी जाड भिंतींतूनही बऱ्यापैकी पार होतात. परंतु ब्लूटूथ व शेजाऱ्यांचे राउटर यांची त्या पट्ट्यात दाटी असते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान खरा, पण भिंतीपुढे तो लवकर क्षीण होतो. यास्तव दोन्ही पट्टे जाणणारा, म्हणजे ‘ड्युअल बँड’ अडॅप्टर घेणे इष्ट.

दुसरा विचार पिढीचा. ‘वायफाय ४’चे मानक २००९ चे, ‘वायफाय ६’चे २०२१ चे. राउटर जुन्या पिढीचा असेल, तर नव्या अडॅप्टरला त्याच्याच चालीने चालावे लागते. मग अधिक पैसे कशासाठी मोजावयाचे?

तिसरा विचार जोडणीचा. यूएसबी २.० ची कमाल गती सेकंदाला ४८० मेगाबिट, तर ३.० ची ५ गिगाबिट. नखाएवढे अडॅप्टर दिसावयास सुबक असतात. पण त्यांचा अँटेना लहान असल्याने दूरच्या खोलीत ते दुबळे ठरतात. बाहेर अँटेना असलेला अडॅप्टर वायरीने जोडून उंचावर ठेवला, तर लाभ अधिक. आपल्या संगणकाच्या प्रणालीसाठी त्याचा ड्रायव्हर उपलब्ध आहे ना, आणि डब्ल्यूपीए २ वा ३ ही सुरक्षा त्यात आहे ना, हे दुकानदारास अवश्य विचारावे.

आणि वाचकहो, खरेदीपूर्वी एक बिनखर्ची परीक्षा करावी. संगणकाच्या जागी मोबाइल ठेवून वायफाय पाहावे. तेथे तोही चाचपडत असेल, तर आधी राउटरची जागा बदलावी. राउटर त्याच खोलीत असल्यास साधी लॅन केबल अधिक स्थिर व स्वस्त पडते. अडचणीच्या वेळी बहुतेक स्मार्टफोन यूएसबी वायरीनेही संगणकाला इंटरनेट पुरवितात.

वाचलेले पैसे मुलांच्या मराठी पुस्तकांवर खर्चावेत. परप्रांतात भाषा टिकते ती वाचणाऱ्या मुलांमुळे. यंत्राने केवळ वाट मोकळी करून द्यावयाची असते.