जुन्या एचएमटी घड्याळाची ओळख पटते ती यंत्रावरून

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात किंवा अन्य कोणत्याही जुन्या बाजारपेठेत स्वस्तात मिळालेले एचएमटी घड्याळ अस्सल आहे की नाही, हे केवळ तबकडी पाहून ठरविता येत नाही. जुन्या तबकड्या अनेकदा पुन्हा रंगविलेल्या असतात. भडक रंग आणि ओबडधोबड अक्षरे दिसल्यास संशय घ्यावा. मात्र खरी साक्ष मागच्या झाकणाआड असते.

हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूर येथे मनगटी घड्याळांची निर्मिती सुरू केली. त्यांपैकी ‘जनता’ या घड्याळात चावीवर चालणारे, १७ खड्यांचे, ०२३१ क्रमांकाचे यंत्र असते. हे खडे कृत्रिम माणकांचे असून ते चाकांच्या आसांचे घर्षण कमी करतात. एकेकाळी लग्नात जावयाला दिले जाणारे ‘कांचन’ मात्र स्वयंचलित व २१ खड्यांचे आहे. त्यामुळे तबकडीवर ‘कांचन’ आणि आत चावीचे यंत्र आढळल्यास ती जुळवाजुळव समजावी.

एचएमटी वॉचेस ही उपकंपनी बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. जुन्या घड्याळांच्या दुरुस्तीसाठी दुसऱ्या घड्याळांतील भाग वापरले जातात. अशी प्रत्येक अदलाबदल म्हणजे फसवणूक नव्हे. तरीही पैसे देण्यापूर्वी कारागिराकडून झाकण उघडून घ्यावे आणि यंत्रावरील क्रमांक वाचावा.